मानेवरची गाठ आणि घरचे डॉक्टर

"आजपासून या नव्या गोळ्या बंद!" मेकॅनिकने बाटली उचलली, कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं. धाकटा भाऊ पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. अंगात ताप, मानेवर डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ. दादाशी वाद घालायचंही त्राण त्याच्यात नव्हतं.

धाकट्याला क्षयरोग झाला होता आणि तपासणीत एचआयव्हीही निघाला. आधी क्षयाची औषधं सुरू झाली. महिनाभरात ताप उतरला, खोकला कमी झाला, जेवण जाऊ लागलं. मग एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या आणि पंधरा दिवसांत सगळं उलटं फिरलं.

लगेच घरात डॉक्टरांची फौज उभी राहिली! शेजारच्या काकू म्हणाल्या, "गोळ्या गरम पडल्या." मामा म्हणाले, "एका पोटात किती विष ओतणार?" वहिनीने त्याचं ताट आधीच वेगळं केलं होतं, ते आता ती दाराबाहेर ठेवू लागली. एचआयव्ही ताटातून पसरत नाही, क्षयही ताटातून पसरत नाही. पण ताट वेगळं करायला अक्कल लागत नाही ना!

आणि मेकॅनिक? त्याचं डोकं गॅरेजात घडलेलं. नवा पार्ट टाकल्यावर इंजिन आवाज करायला लागलं, तर आधी तो पार्ट काढून बघा, हा त्याचा वीस वर्षांचा नियम. मोटारीचा नियम या शहाण्याने सख्ख्या भावाला लावला! क्षयाच्या गोळ्या तेवढ्या चालू ठेवल्या.

चार दिवस गेले. ताप हटेना, गाठ आणखी फुगली. पाचव्या दिवशी मेकॅनिक तणतणत दवाखान्यात गेला. खिडकीत औषधं देणाऱ्या सिस्टर होत्या.

"सिस्टर, तुमच्या गोळ्यांनी माझा भाऊ मारायला घेतलाय!"

"भाऊ कुठंय?"

"घरी."

"आणि गोळ्या?"

"कुलपात."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "वा! आजारी तो, आणि दवाखान्यात आलात तुम्ही! तुमचं गिऱ्हाईक घरीच इंजिन उघडून, मनाला येईल तो पार्ट काढून तुमच्याकडे आलं, तर काय करता?"

"शिव्या घालतो," मेकॅनिक पुटपुटला.

"मग मी तुम्हाला कुठल्या घालू, तेवढं सांगा."

रांगेतलं कुणीतरी हसलं. सिस्टर हसल्या नाहीत.

"नीट ऐका. एचआयव्हीने त्याच्या अंगातली लढायची ताकद खाऊन टाकली होती. नव्या गोळ्यांनी ती परत येते आणि क्षयाच्या जंतूंवर एकदम तुटून पडते, मेलेल्या जंतूंनाही सोडत नाही. त्या धुमश्चक्रीत गाठी सुजतात, ताप चढतो. औषध लागू पडतंय म्हणूनही असं होऊ शकतं!"

"होऊ शकतं म्हणजे? नक्की काय ते सांगा."

"इथं खिडकीत बसून कसं सांगू? क्षय औषधाला दाद देत नसेल, तिसरंच काही असेल. डॉक्टरांनी बघायला नको? सूज उतरवायचं औषध आहे, पण तेही तपासून, मोजूनमापून द्यायचं. दुकानातून उचलून आणायचं नाही."

मेकॅनिकचा चेहरा लाल झाला. "मग हे आधी का नाही बोललात? गोळ्या देताना म्हणालात, रोज घ्या, चुकवू नका. मध्येच बिघडल्यासारखं होईल, तेव्हा घाबरू नका, इकडे या, एवढं सांगायला काय झालं होतं?"

सिस्टरनी रांगेकडे पाहिलं. "नाही सांगितलं. रांग मोठी होती. चूक आमचीही आहे. पण त्याची शिक्षा तुमच्या भावाला नको. जा, घेऊन या त्याला. आत्ता!"

मेकॅनिक धावत घरी आला. त्याने कपाट उघडलं, बाटली काढली आणि भावाला उठवायला हात पुढे केला. धाकटा त्याच्याकडे बघत राहिला.

"दादा, मी आता वाचत नाही, म्हणूनच बंद केल्यास ना गोळ्या?"

अरे देवा! हा चार दिवस हेच धरून बसला होता! मेकॅनिक तिथंच पलंगाच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला. "नाही रे. मला कळलं नाही. तुझी शपथ, मला कळलंच नाही."

डॉक्टरांनी तपासलं, गाठीतलं पाणी काढून तपासायला पाठवलं. सिस्टरचा पहिला अंदाज खरा निघाला, औषध लागू पडत होतं. क्षयाच्या गोळ्या चालूच राहिल्या, एचआयव्हीच्या पुन्हा सुरू झाल्या, वर सुजेचं औषध मिळालं, रोज किती आणि कधी कमी करायचं ते लिहून. ताप आठवड्यात गेला. गाठीने मात्र दोन महिने घेतले.

तेव्हा मंडळी, औषध सुरू झाल्यावर माणूस जास्त आजारी दिसू लागला, तर औषधाला कुलूप घालू नका, माणसाला उचलून दवाखान्यात न्या. बंद काय करायचं, चालू काय ठेवायचं, हे काकू, मामा आणि गॅरेज ठरवणार नाहीत. आणि पांढऱ्या कोटातल्या शहाण्यांनो, गोळ्यांबरोबर दोन वाक्यं देत चला. रांग मोठी होती, हे कारण एखाद्याच्या मयताला जाऊन त्याच्या भावाला सांगून बघा!