जनार्दनकाकांची हिरवी स्क्रीन

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रीन आहे. समोर दिसते ती काच म्हणजे मी नव्हे. काचा बदलल्या, डबे बदलले, मी तीच राहिले. काळ्या पाटीवर हिरवी अक्षरं, एवढंच माझं रूप. ना चित्र, ना माउस. हल्लीच्या पोरांना मला पाहून हसू येतं. खुशाल हसा, मला सवय आहे.

उरवड्याच्या एका कारखान्यात गाड्यांना लागणारे रबरी भाग बनतात. कुठला माल कुठल्या कंपनीला पाठवायचा, याची नोंद माझ्यावर होते. नोंद झाली की गोदामात चिठ्ठी छापली जाते आणि त्याप्रमाणे टेम्पो भरतात. माझा जन्म झाला तेव्हाच जनार्दनकाका माझ्यासमोर येऊन बसले. गावचेच, शेतकरी घरातले. सुरुवातीला एकेक अक्षर शोधताना त्यांना घाम फुटायचा. पुढे हात असा बसला की नजर खिडकीतून टेम्पोकडे आणि बोटं बटणांवर. टेम्पोवाले म्हणायचे, "काका हायेत म्हंजी काम झालंच." ते ऐकून मीच फुगायचे.

एक गोष्ट मात्र फक्त मला ठाऊक होती. त्या काळचं मशीन भलतंच मंद. नोंद संपली की मी विचारायचे, 'माल पाठवायचा?' काका 'हो'चं बटण दाबायचे आणि बऱ्याचदा ते माझ्यापर्यंत पोचायचंच नाही. म्हणून ते दोनदा दाबू लागले. पुढे मशीन वेगवान झालं, पण बोटाची सवय राहिली. ते दुसरं 'हो' वाया जायचं, कुणाचं काही बिघडत नव्हतं. आपण दोनदा दाबतो हे खुद्द काकांनाही कळत नसे.

मग मला मोडीत काढायची चर्चा सुरू झाली. मॅनेजर अपेक्षा मॅडम म्हणाल्या, "काकांना हिची सवय आहे. हीच सुधारा." त्यासाठी कौस्तुभ आला. परभणीकडचा, मारुंजीत खोली घेऊन राहणारा गुणी मुलगा. त्यानं माझी अक्षरं मोठी केली, इंग्रजी खुणांच्या जागी मराठी शब्द घातले, कुठलं बटण कशासाठी ते खाली पट्टीत लिहिलं. म्हातारपणी कुणी नवं लुगडं नेसवावं तसं मला वाटलं. "काका, काही अडतं का?" त्यानं विचारलं. "काय न्हाई बघ. झ्याक चाललंय," काका म्हणाले. कौस्तुभनं ते खरं मानलं आणि तोच माल पुन्हा पाठवताना सगळं परत लिहायचे काकांचे कष्ट वाचावेत म्हणून शेवटी आणखी एक प्रश्न घातला: 'हाच माल याच पत्त्यावर पुन्हा पाठवायचा?'

पहिल्याच सकाळी काकांनी नेहमीसारखं टक-टक केलं. पहिल्या 'हो'नं माल गेला. दुसरं 'हो' नव्या प्रश्नाला मिळालं. मी काय करणार? 'हो' आलं की 'हो' मानायचं, एवढंच मला येतं. दुपारपर्यंत प्रत्येक माल दुप्पट गेला. काकांची चिठ्ठी म्हणून गोदामातही कुणी शंका घेतली नाही. शेवटी चाकणच्या एका कंपनीसाठी काही उरलंच नाही आणि तिथलं काम बंद पडलं. फोनवर फोन आले.

कौस्तुभनं स्वतः नोंद करून पाहिली. त्यानं 'हो' एकदाच दाबलं. पुढच्या प्रश्नाला 'नाही' म्हटलं. सगळं ठीक चाललं. मग बोट काकांकडेच वळलं. अपेक्षा मॅडमनी त्यांना हळूच गेटवर बसवलं. "माजंच चुकलं आसंल. वय झालं आता," काका म्हणाले. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण अक्षरं इतकी असून आपणहून एक शब्द लिहायची मला सोय नाही.

काकांच्या जागी जुईली आली. चांगली पोर आहे. पण काकांचं गेटवरही मन लागेना. त्यांनी नोकरी सोडली आणि शेवटच्या दिवशी मला भेटायला आले. कौस्तुभ तिथंच होता. "काका, आठवण म्हणून एक नोंद करा की!" काका बसले. टक-टक. कौस्तुभचा चेहरा उतरला.

"काका, दोनदा का दाबलंत?"

"कुटं? येकदाच तर दाबलं."

त्यानं पुन्हा करायला लावलं, पुन्हा तेच. त्यानं काकांचा हात धरला. "काका, चूक माझी होती. तुमच्या शेजारी बसून मी तुमचं काम पाहायला हवं होतं." मॅडम धावत आल्या, परत या म्हणाल्या. काका नुसते हसले. "लई गुनाचा हायेस पोरा. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून सोत्तावर घेतुयास." आणि निघून गेले. त्यांना ते पटलंच नाही.

कौस्तुभनं तो प्रश्न काढून टाकला. तो अधूनमधून त्यांच्या घरी जातो. परवा जुईलीला सांगत होता, काका आता फोनसुद्धा स्वतः लावत नाहीत. नातीच्या, आरोहीच्या हातात देतात. "तूच लाव बाय, माज्यानं चुकतंय."

मित्रांनो, आम्हा जुन्यांना जरूर नवं रूप द्या. पण आमच्यावर ज्याचा हात बसलाय, त्याच्याजवळ आधी घटकाभर बसा. त्याला दोष देण्यापूर्वी आणखी थोडं बसा. आणि उरवड्याला कधी आलात, तर जनार्दनकाकांना भेटा. त्यांना सांगा, तुमचं चुकलं नव्हतं. माझं नाव सांगा. मी तिथंच होते, मी सगळं पाहिलंय. कौस्तुभचं नाही, पण माझं कदाचित ऐकतील.