स्मृतिवनातली तार

मंगळवारी सकाळी स्मृतिवनातलं गवत कापणारं यंत्र मध्येच थांबलं, आणि तारेतला सिग्नल गेल्याचं सीवर्टला कळलं.

त्या दफनभूमीत तो एकवीस वर्षं काम करत होता. यंत्राला डोळे नसतात, हे तो प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा. चार्जिंगच्या खोक्यातून हिरवळीभोवती जमिनीखाली पुरलेल्या तारेत बारीक वीज सोडलेली असते. तिच्याभोवती चुंबकी क्षेत्र तयार होतं आणि यंत्रातली तांब्याची वेटोळी ते ओळखतात. तारेच्या वेढ्याच्या आत त्याची दिशा एक, बाहेर उलटी. एवढ्यावरून यंत्राला आपण कुठे आहोत ते समजतं. तार तुटली की काहीच समजत नाही, मग ते जागचं हलत नाही.

दुसरीकडे कुठे तुटली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. स्मृतिवनात मात्र माणसांची रक्षा पुरतात आणि कुणाची कुठे ते घरच्यांना सांगत नाहीत. दगड नाही, खूण नाही, पुरताना नातेवाईक हजर नाहीत. विचारायला आलेल्या कितीतरी लोकांना सीवर्टने स्वतः परत पाठवलं होतं. ऑक्टोबरात त्याच्या बायकोची, सोल्वेगची रक्षा इथे आली तेव्हा त्याने रजा घेतली. ते काम त्याच्या सोबत काम करणाऱ्या इंगेलाने केलं. एकाच जागी येऊन उभा राहू नकोस, असं सोल्वेगने त्याला बजावलं होतं. तो राहिला नाही. सगळी हिरवळ त्याला सारखीच होती आणि ती तशीच राहायला हवी होती.

तारेच्या टोकाला सिग्नल सोडणारी डबी लावून तो हातातला शोधक जमिनीलगत धरत निघाला. खाली तार शाबूत असेल तोवर शोधक गुणगुणत होता. मागून इंगेला फावडं घेऊन येत होती.

"या चालीने जूनमधला मिडसमरचा सण इथेच साजरा करू," ती म्हणाली.

"हेरिंग मासे तू आण."

बर्चच्या झाडाजवळ गुणगुण थांबली.

सीवर्टने हातानेच गवताचा थर उचलला. तार दोन बोटं खाली होती. वरचं आवरण तिरपं कापलेलं, आतलं तांबं हिरवं पडून तुटलेलं. थंडीने तार अशी कापली जात नाही. आणि स्मृतिवनात फावडं चालतं ते फक्त रक्षा ठेवायला.

"माझंच फावडं असेल," इंगेला म्हणाली. "इथे मी बऱ्याच जणांना ठेवलंय, सीवर्ट."

कधी, किती, हे त्याने विचारलं नाही. तार बाजूने वळवू, जमिनीचा एवढा तुकडा बाहेर राहू दे, असं त्याने सुचवलं.

"मग यंत्र इथे येणार नाही. महिन्याभरात गुडघाभर गवत वाढेल. आल्यागेल्याला दिसेल. तुला रोज दिसेल."

तिचं खरं होतं. जोड इथेच द्यावा लागणार होता. ती म्हणाली, तू जाऊन कॉफी ठेव, मी करते.

"तू मला दुसरीकडून कुठूनही घालवलं नाहीस," तो म्हणाला. "इथूनच घालवून जागा सांगू नकोस."

तिने मान खाली घातली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत गुडघ्यावर बसला. सडलेला भाग छाटल्यावर टोकं एकमेकांना पुरेनात. वीतभर नवी तार हवी होती. एका टोकाचा जोड त्याने पकडीने दाबून बसवला. नवी तार मातीत बसवायला फावड्याने खाच पाडायची होती. त्याने फावडं टेकवलं, पण त्यावर पाय देता येईना. इंगेलाने ते त्याच्या हातून काढून घेतलं नाही. मग त्याने फावडं बाजूला ठेवून गवताचा थर परत वर अंथरला.

यंत्र अजून हिरवळीच्या मध्यावर उभं आहे. एक जोड झाला. खाच आणि दुसरा जोड राहिला आहे.