संपलेल्या रेकॉर्डची खरखर

“दादा रेकॉर्ड संपली की लगेच उलटवतो. नुसती खरखर ऐकू आली तर वर जाऊन बघ गं,” वरच्या मजल्यावरच्या सॅक्सोफोनवाल्या आजोबांची बहीण गावाला जाताना किल्ली देऊन म्हणाली होती.

“मावशी, मी बाळ सांभाळू की रेकॉर्डवरची सुई?” मी हसण्यावारी नेलं.

मंगळवारी दुपारी छतातून त्यांची जुनी जॅझची रेकॉर्ड ऐकू येत होती आणि माझं बाळ किरकिरत होतं. रेकॉर्ड संपली. उरली एकसारखी खर्र-टक, खर्र-टक. त्या तालावर तीन दिवसांत पहिल्यांदाच बाळाचा नीट डोळा लागला. मावशींचं बोलणं मला आठवलं, नाही म्हणणार नाही. पण सुई उचलली की बाळ उठणार, म्हणून बसून राहिले.

दीड तासाने मी किल्ली घेऊन वर गेले. आजोबा प्लेअरपासून दोन हातांवर पडले होते, तोंड वाकडं, डोळे उघडे. जीव वाचला. उजव्या हाताची बोटं मात्र आता सॅक्सोफोनच्या कळांवर वळत नाहीत. लवकर आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले.

तुमच्याही वर कुणी एकटं राहत असेल. त्यांच्या घरातला नेहमीचा आवाज आज बदललाय का? आधी जाऊन बघा. बाळ रडेल, रडू दे.