सातने गुणल्यावर

मदीहाने गॅसचं बटण बंद केलं आणि धावत जाऊन खिडक्या सताड उघडल्या. शेगडीवर पातेलं नव्हतं, ज्योतही नव्हती. वास मात्र घरभर. तिचे वडील गुलाम हुसेन खाटेवर निवांत पेपर वाचत बसले होते.

"आता तरी ऐक," तिचा भाऊ मुदस्सिर म्हणाला. "नोकरी सोड. अब्बांना एकटं ठेवायचं न्हाय."

सोड म्हणे नोकरी! बोलायला याचं काय जातं? वळ गावच्या गोदामात ती हमालांच्या शिव्या खात सुपरवायझर झाली होती, आणि या पठ्ठ्याला कापडाचे लूम सोडून एक दिवस घरी थांबणं जमत नव्हतं. मदीहाला मनस्वी राग आला.

"डोकं शाबूत हाय त्यांचं. थांब, दाखवते."

अब्बांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं, आणि एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न या आकड्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता. दोनपासून सहापर्यंत कशानेही गुणा. तेच सहा अंक, त्याच क्रमाने, गोल फिरत येतात. सुरुवात तेवढी बदलते. रोज ड्युटीला निघताना मदीहा त्यांना हाच आकडा गुणायला लावायची. उत्तर बरोबर आलं की निर्धास्त निघायची.

"अब्बा, तिप्पट?"

"चार, दोन, आठ, पाच, सात, एक." वर भुवई उंचावून पाहिलं, वर्गात पाहायचे तसं. सुंभ जळला तरी पीळ जाईल तर शपथ!

"बघितलंस?"

"पाठ हाय ते. पोपटपण बोलेल," मुदस्सिर म्हणाला. "सातपट विचार."

सातने गुणलं की ते चक्र मोडतं, सहाच्या सहा नऊ येतात, हे दोघा भावंडांना लहानपणापासून माहीत होतं. पण इतक्या दिवसांत मदीहाने सातपट एकदाही विचारली नव्हती. का नव्हती, ते तिला आत्ता कळलं.

"अब्बा... सातपट किती?"

"दोन, आठ, पाच, सात, एक, चार." तोच ठणठणीत आवाज.

मुदस्सिरने मान खाली घातली. जिंकल्याचा आनंद त्यालाही झाला नव्हता.

"चुकलं का, बाई?" दोघांचे चेहरे पाहून गुलाम हुसेननी तिला अदबीने विचारलं. "आमच्या मदीहाला विचारा तुम्ही. तिला सगळं येतं. ड्युटीवर गेलीय ती."

मदीहा खाटेजवळ वाकली.

"कधी येईल?"

"संध्याकाळी." त्यांनी सरकून खाटेवर जागा केली. "तोवर बसा ना. एकट्याला भीती वाटते हो."

खाली गोदामाच्या बसने हॉर्न दिला. पुन्हा दिला. मदीहा त्यांच्या शेजारी बसली.