यूज्ड टू म्हणजे सवय

सत्यभामाबाईंना सून मिळाली ती केरळची, श्रीजा. पोरगी गुणाची, पण दोघींची भाषा जुळेना. हिंदीत श्रीजाची गाडी 'अच्छा'च्या पुढे सरकत नसे आणि इंग्रजीत बाईंची 'थँक्यू'पाशी अडायची. मधला दुभाषी म्हणजे बाईंचा मुलगा नितेश, तो नोकरीपायी बंगलोरला. बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा श्रीजा लॅपटॉप घेऊन अकोल्याला आली, वेळच्या वेळी डोळ्यात औषध घालू लागली, आणि बाईंच्या घरात कितीतरी वर्षांनी दोन ताटं मांडली जाऊ लागली.

आता डोळा बरा झाला होता आणि श्रीजाची जायची वेळ आली होती. तिनं जाऊ नये असं बाईंना फार वाटे. पण तसं बोलून दाखवतील तर त्या सत्यभामाबाई कसल्या! नवरा गेल्यावर नितेशला एकटीनं वाढवलं, कुणापुढे हात पसरला नाही, याचा त्यांना भारी तोरा. त्यामुळे 'मी अजून थांबू का' असं श्रीजा खाणाखुणा करून विचारू लागली, तशी बाईंनी मनाशी ठरवलं, पोरीला तिच्याच इंग्रजीत मोकळं करायचं. म्हणजे तिच्या जिवाला घोर नको.

शेजारची दीक्षा ओसरीत शिकवणी घ्यायची. तिला विचारलं असतं तर काम मिनिटात झालं असतं, पण विचारणं म्हणजे मदत मागणं, ते बाईंना कुठून जमणार? त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कान लावला. पोरं घोकत होती, "यूज्ड टू म्हणजे भूतकाळातली सवय." बाईंनी सवय तेवढी उचलली, भूतकाळ भिंतीपलीकडेच राहिला. 'लिव्ह' पोरांच्याच घोकण्यात सापडलं, 'अलोन' टीव्हीवरून ठाऊक होतं. भाजी चिरता चिरता त्यांनी वाक्य पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीजा बॅग भरत होती. बाई दारात उभ्या राहिल्या आणि ताठ मानेनं म्हणाल्या, "डोन्ट वरी. आय यूज्ड टू लिव्ह अलोन."

श्रीजाचा हात थांबला. ती बाईंकडे वळली. मग हळूच म्हणाली, "अँड नाऊ, अम्मा?"

बाईंना वाटलं, हिला ऐकू गेलं नाही. त्यांनी तेच वाक्य आणखी जोरात म्हटलं. त्यावर श्रीजाचे डोळे भरून आले आणि ती बॅगेतले कपडे एकेक करून बाहेर काढू लागली.

आता मात्र बाई गडबडल्या. तोरा बाजूला ठेवून त्यांनी खिडकीतून दीक्षाला हाक मारली. "अवं, इकडे ये जराशी. मी हिले जा म्हणलं, अन् हे कपडे काहून काढून राहिली?"

दीक्षा आली. वाक्य ऐकलं आणि तिला हसू आवरेना. "काकू, तुमी तिले म्हणलं, मी आधी एकटी राहत होती. म्हणजे आता तसं राहाचं नाही. सवय आहे म्हणाचं असंन त 'आय अ‍ॅम यूज्ड टू' म्हणा लागते. तुमचा 'अ‍ॅम' राहिला. सांगू का तिले, चुकून म्हणलं म्हणून?"

बाईंनी पलंगावरच्या कपड्यांकडे पाहिलं. एवढासा शब्द. तो घातला की मान ताठ राहणार, श्रीजा संध्याकाळच्या गाडीनं जाणार आणि घरात पुन्हा एकच ताट. इतकी वर्षं 'मले सवय आहे' म्हणत त्या हा शब्द न चुकता मराठीत घालत आल्या होत्या. भाऊ 'माझ्याकडे चल' म्हणाला तेव्हा घातला, नितेश 'बंगलोरला चल' म्हणाला तेव्हाही घातला. आज त्यांना त्याचा कंटाळा आला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिले बरोबरच समजलं."

दीक्षाचं हसू थांबलं. श्रीजा दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती.

"सवय मले कदीच नवती, दीक्षा. लोकायले सांगाले म्हणत जाओ मी," बाई म्हणाल्या आणि पलंगावर सुनेशेजारी बसल्या. "हे तिले इंग्रजीत सांग. मले नाही येत."