घरात रोज चेष्टा चालते

आधीच सांगते, मी लेखिका-बिखिका नाही. नाव अरुंधती, वय बासष्ट, माहेर इंदूरमधल्याच ‘जुनी इंदूर’ मोहल्ल्यातलं, आणि लग्नानंतरची चौतीस वर्षं इथे बड़ा गणपतीजवळ. आमच्या वरच्या मजल्यावर मधुरिमा नावाची मुलगी भाड्याने राहते. ती लोकांचे कान तपासते, कानाची मशीनं बसवते. तिची एक छोटीशी वेबसाइट आहे, ‘ऐकू या’ नावाची. फक्त कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, आणि तीही मराठीत. मतलब किती लोक वाचत असतील, तुम्हीच बघा. दिवाळीनंतर ती माझ्या मागेच लागली, “काकू, माझं मराठी निम्मं हिंदी आहे. लेख तुम्ही लिहा ना, प्लीज.” मी म्हटलं, आण, लिहिते, त्यात काय.

विषय तर घरातच बसलेला होता. आमचे हे, दिवाकरराव, मूळचे साताऱ्याचे. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं प्रेस मशीनवर काढली आणि कान तिथेच ठेवून आले. मधुरिमाने यांना एक मशीन वापरून बघायला दिलं होतं. दोन दिवस लावलं, तिसऱ्या दिवशी डबीत. का हो? तर म्हणे टोचतं. टोचतं काय, डोंबल! किती बोलका माणूस होता हा. आता कोणी आलं की आतल्या खोलीत जाऊन पेपर उघडतात. दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलतात, त्यातली चार चहाची. असंच चाललं तर एक दिवस हा माणूस बोलणंच सोडेल, अशी धास्ती बसली होती मला. मला माझ्या नवऱ्याशी बोलायचं होतं, बस. आणि त्यासाठी त्यांनी ते मशीन लावायला हवं होतं.

तोंडाने सांगून थकले, म्हणून सगळा राग लेखांत काढायला लागले. ‘बॅटरी कशी बदलावी’, ‘मशीनची लाज कसली?’, ‘कमी ऐकणाऱ्याशी समोर बसून, हळू बोला, ओरडू नका’. हा शेवटचा लेख मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून फोनवर लिहिला, आणि लिहिता लिहिता तिथूनच दोनदा ओरडले, “अहो, मोटर बंद करा, टाकी वाहून राहिली आहे!”

महिन्याभरात वाचकांची पत्रंही यायला लागली. मधुरिमा ती मला पाठवायची, मी वर दोन ओळी लिहून ‘तुमचे अनुभव’मध्ये टाकायला परत द्यायची. मागच्या सोमवारी एक आलं. खाली नाव ‘एक वाचक’. पत्र एवढंच:

“मला कमी ऐकू येतं. घरात रोज चेष्टा चालते. बायको सगळ्यांत पुढे. आता सवय झाली आहे.”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आमच्या इंदूरकडे चेष्टा म्हणजे कोशिश, प्रयत्न. आई म्हणायची, आजी म्हणायची, “चेष्टा करून तर बघ, जमेल.” थट्टेला आम्ही मजाक म्हणतो. म्हटलं, बघा, कुणाच्या तरी घरी रोज कोशिश करतात, बायको सगळ्यांत पुढे आहे, आणि त्या भल्या माणसाला मशीनची सवयही झाली. मधुरिमाही इंदूरचीच, तिलाही तसंच वाटलं. मी वर ठळक अक्षरांत मथळा दिला, ‘असं घर सगळ्यांना मिळो!’ आणि खाली लिहिलं, ‘या ताईंना माझा नमस्कार. यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.’

बुधवारी कोल्हापूरच्या कुणा निशिगंधाताईंचा मेसेज आला. “मॅडम, चेष्टा म्हणजे थट्टा. या माणसाला त्याच्या घरचे रोज हसतात, बायको सगळ्यांत जास्त. आणि तुम्ही तिला नमस्कार करता?”

आधी मला रागच आला. मोठ्या आल्या शिकवायला! मग पत्र पुन्हा वाचलं, त्यांच्या अर्थाने. अरे देवा, कोण असेल हा बिचारा? तशीच जिना चढून वर गेले. म्हटलं, मधुरिमा, या माणसाला शोध, मला माफी मागायची आहे. तिने लॅपटॉप उघडला.

“नाव नाही दिलं काकू, पण फॉर्ममध्ये मोबाइल नंबर भरलाय,” असं म्हणत ती वाचायला लागली आणि मध्येच थांबली. माझ्याकडे बघेना. “काकू... हा तर काकांचा नंबर आहे.”

असाच आहे हा माणूस. नाव लपवलं, पण फॉर्ममध्ये नंबर विचारला म्हणून इमानदारीने भरून दिला.

जिन्यात मी तिसऱ्या पायरीवर बसले. मी या माणसाची चेष्टा करते? आणि मग एकेक आठवायला लागलं. संक्रांतीला माझा भाऊ गजानन जेवायला होता. मी विचारलं, “वरण वाढू?” हे म्हणाले, “अरुण? त्याची तर बदली झाली.” गजानन इतका हसला की ठसका लागला. आणि मी? मी तो किस्सा भिशीत सांगितला, एका लग्नात सांगितला, यांच्यासमोर सांगितला, यांचा आवाज काढून. म्हटलं, यांना कुठे ऐकू जातं आहे!

खाली आले. हे खिडकीशी मटार सोलत बसले होते. मी समोर स्टूल ओढून बसले, फोनवर ते पत्र उघडलं आणि यांच्या हातात दिलं. यांनी पाहिलं, फोन माझ्या मांडीवर ठेवला, आणि पुन्हा मटार सोलायला लागले.

“तुम्ही लिहिलंत?” मी विचारलं. ओठांवरून कळलं असावं.

“हो.”

“मला चेष्टेचा अर्थच ठाऊक नव्हता हो. चौतीस वर्षांत तुम्ही एकदा तरी टोकायचं!”

“पहिल्याच महिन्यात लक्षात आलं होतं,” हे म्हणाले. “तुझ्या तोंडी गोड वाटायचं. कशाला टोकायचं?”

मला तिथेच रडू फुटलं. तरी विचारलंच, कारण तेवढं कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. बोटाने कान दाखवला. “मग हे? खरंच टोचतं?”

यांनी एक शेंग सोलून दाणे ताटात टाकले. मग म्हणाले, “अगं, मशीन चांगलं आहे. लावलं की सगळं ऐकू येतं. हसलेलंसुद्धा.”

मला कोणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. मी यांच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि खाली मान घालून म्हटलं, “माझं चुकलं.”

“काय?”

“माझं चुकलं.”

“चूल? चुलीचं काय?”

आता यात हसू येण्यासारखं होतं, आणि मला आलं नाही. मी स्टूल आणखी पुढे ओढला, यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिसऱ्यांदा, हळूहळू, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं. यांना कळलं की नाही कोण जाणे. मग माझे हात बाजूला करून उठले, कपाट उघडलं, डबी काढली. पाठमोरे उभे राहून बराच वेळ कानाशी खटपट करत होते. मी मदतीला गेले नाही. मग परत येऊन समोर बसले, कुर्ता नीट केला.

“हं,” म्हणाले. “आता म्हण.”

आणि सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असा माझा आवाज, नेमका तेव्हाच फुटेना. हे वाट बघत बसले.