नऊ नंबरची शिडी

मित्रांनो, मला आठ पायऱ्या आहेत आणि त्यांतली एकही कुरकुरत नाही, हे आधीच सांगून ठेवते. लाकडी शिडी दिसली की हल्ली लोक नाक मुरडतात. ही आता बंबात घालायच्या लायकीची, असं म्हणतात. अहो, माझ्यावर एकदा चढून तर बघा आणि मग बोला!

माझा जन्म नाशिक जिल्ह्यातल्या दुष्काळी देवळ्याचा. भिकन सुतारांनी सागाच्या दोन सरळ दांड्या घेतल्या, त्यांत बाभळीच्या पायऱ्या बसवल्या आणि मला उभं केलं. एक पायरी बसली की ते स्वतः तिच्यावर उभे राहायचे, दोनदा दणादण उडी मारायचे आणि मगच पुढची पायरी हातात घ्यायचे. एवढी कसून परीक्षा तर दहावीच्या मुलांचीही होत नसेल. त्या परीक्षेत मी पहिल्या झटक्यात पास झाले.

हिरामण आबांनी मला कांद्याच्या चाळीसाठी करून घेतलं होतं. चाळ म्हणजे कांदा साठवायची लांबलचक, जाळीच्या भिंतींची खोली. पंधरा वर्षं पाट्या घेतलेली माणसं माझ्यावरून वर गेली आणि खाली आली, आणि एकाचाही पाय घसरला नाही. मग आबांनी नवी चाळ बांधली, तिला सिमेंटच्या पायऱ्या केल्या आणि माझी रवानगी गोठ्याच्या मागे झाली. तिथे कोंबड्या माझ्यावर बसायच्या. त्यांनी माझी काय दशा केली, ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. मला फार वाईट वाटायचं. अंगात जोर असताना कोणी अडगळ म्हटलेलं कोणाला आवडेल?

पण माझं नशीब जोरावर होतं. आबांचा मुलगा मयूर नाशिकला अंबडच्या कारखान्यात कामाला होता. त्याने पाथर्डी फाट्याच्या आत, द्राक्षबन सोसायटीत नऊ नंबरचं रो-हाऊस भाड्याने घेतलं. सामानाचा टेम्पो भरत असताना आबा मला खांद्यावर घेऊन आले. मयूरची बायको तृप्ती म्हणाली, "आबा, तिथे शिडी कशाला?" आबा म्हणाले, "ली जा पोरी, कामनी शे ती." म्हणजे घेऊन जा, कामाची आहे. आणि मी गादीच्या गुंडाळीवर आडवी होऊन शहरात आले.

मित्रांनो, बारा घरं एका रांगेत, भिंतीला भिंत लागून. पुढे चार पावलांचं अंगण, मागे अरुंद बोळ. बारांपैकी दहा घरांत घरमालक राहायचे. भाडेकरू फक्त दोन, आणि त्यांतले एक आम्ही. भाडेकरूचं घर कसं ओळखायचं सांगू? तिथलं घड्याळ भलत्याच जागी असतं. करारात लिहिलेलं असतं ना, भिंतीला खिळा ठोकायचा नाही! आधीचा खिळा जिथे असेल तिथेच घड्याळ लावायचं. आमचं घड्याळ स्वयंपाकघराच्या दाराआड होतं. वेळ बघायची तर आधी दार लोटावं लागायचं. सोसायटीच्या सभेतही भाडेकरूने बोलायचं नसे. मागच्या खुर्चीवर बसून चहा मात्र प्यायचा.

पण एका बाबतीत सगळी सोसायटी आमच्या दारात यायची. बारा घरांत शिडी एकच होती, ती म्हणजे मी! पंखा पुसायचा, जळमटं काढायची, आकाशकंदील लावायचा, की लगेच हाक यायची, "तृप्तीताई, शिडी देता का?" दहा नंबरचे गायधनीकाका तर मला हक्काने न्यायचे. ढुंढिराज गायधनी म्हणजे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत, स्वभाव कडक. पण मला परत आणताना पायऱ्या फडक्याने पुसून आणायचे. तेव्हा मला त्यांचं भारी कौतुक वाटायचं.

आता दिवाळीचं सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला. गच्चीवर जिन्याच्या माथ्याचा एक स्लॅब आहे. नऊ आणि दहा नंबरच्या पाण्याच्या टाक्या त्याच्यावर शेजारी शेजारी बसवल्या आहेत, आमची टाकी दोन विटा खाली. तिथे जायला जिना नाही, शिडीच लागते. दिवाळीआधी मयूर टाकी धुवायला वर चढला. टाकीच्या बुडाशी तीन कॉक होते. पहिला घरातल्या नळांचा. दुसरा घाण पाणी सोडायचा. तिसरा बंद होता, गंजलेला. मयूर त्याच्याकडे बघून म्हणाला, "हा बंद का बरं? तरीच वरच्या बाथरूमला पाणी कमी येतं!" आणि जोर लावून त्याने तो उघडला.

तो पाइप सरळ दहा नंबरच्या टाकीत जात होता. मला ते स्वच्छ दिसत होतं. पण शिडीचं ऐकतो कोण? बरं, गंमत अशी की दुसऱ्या दिवसापासून बाथरूमचं पाणी खरंच जोरात येऊ लागलं. मयूर घरभर कॉलर ताठ करून फिरला.

इकडे गायधनीकाकांची टाकी दुपारीच रिकामी व्हायला लागली. गोदावरीकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, दुपारी भांडी घासायला बसल्या की नळ कोरडा. सकाळी आठला सोसायटीचा पंप सगळ्या टाक्या भरायचा. तेव्हा आमच्या घरी कोणी नसायचं. मयूर कामावर, तृप्ती तिच्या बालवाडीत, आणि त्यांची मुलगी ओवी शाळेत. नेमकं त्याच वेळी आमच्या टाकीचं जास्तीचं पाणी मागच्या बोळात धो धो सांडायचं. ते काकूंनी बघितलं.

संध्याकाळी काका फाटकाशी आले. तृप्ती म्हणाली, "या ना काका, चहा टाकते."

"चहा राहू द्या. आमच्या घरी प्यायला पाणी नाही आणि तुमचं गटारात वाहतंय. अहो, घर भाड्याचं असलं तरी पाणी सगळ्यांचं असतं!"

"काका, आम्ही एक थेंब वाया घालवत नाही. आम्ही देवळ्याची माणसं. पाण्याची किंमत आम्हाला कोणी शिकवायला नको."

"मग रोज बोळात काय गंगा अवतरते?"

तृप्तीने दुसऱ्याच दिवशी टाकीतला पाणी थांबवायचा फुगा बदलून घेतला. बिचारीला वाटलं, तोच बिघडला असेल. पाणी सांडायचं काही थांबलं नाही. मग काकांनी पुण्याला फोन लावला, आमचा घरमालक आल्हाद याला. आणि आल्हादने तृप्तीला केला. तो पोरगा वाईट नव्हता, पण शेजारचे काका म्हणजे त्याच्या वडिलांचे मित्र. तो म्हणाला, "ताई, करार जानेवारीअखेर संपतोय. काका म्हणतात की पुढे वाढवू नको. तुम्ही दुसरीकडे बघायला लागा."

जानेवारीअखेर! आणि ओवीची दहावीची परीक्षा फेब्रुवारीत. करार अकरा महिन्यांचा असतो आणि शाळेचं वर्ष त्याच्यासाठी थांबत नाही. तृप्ती आणि मयूर दोन शनिवार घरं बघत फिरले. एक घर मिळत होतं ते आडगावच्या पलीकडे, शाळेपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला. ओवी जिन्याखाली माझ्या शेजारी बसून भूमिती करायची आणि मध्येच पेन्सिल ठेवून भिंतीकडे बघत राहायची. ह्या घरात तिला पहिल्यांदाच अभ्यासाला तेवढा एक कोपरा मिळाला होता. मित्रांनो, मला त्या पोरीची इतकी दया यायची की काय सांगू.

तुम्ही म्हणाल, काकांनी स्वतः वर चढून टाकी का बघितली नाही? अहो, चढणार कशावरून? शिडी नऊ नंबरकडे! ज्यांना घराबाहेर काढायला फोन केला, त्यांच्याच दारात शिडी मागायला कसं जायचं? काकांनी सावळीराम नावाच्या नळकारागिराला बोलावलं. तोही हात हलवत आला आणि अंगणातच विचारता झाला, "साहेब, शिडी हाय का?"

काका घुटमळले. म्हणाले, "आहे... पण नाही."

"म्हंजे?"

"राहू दे. नंतर बघू."

हे सगळं तृप्ती आमच्या अंगणातून ऐकत होती. रविवार होता, पण मयूर कामावर गेला होता, कारण अंबडच्या कारखान्यांना सुट्टी शनिवारची. तृप्तीने पदर खोचला, मला खांद्यावर घेतलं आणि थेट दहा नंबरच्या दारात नेऊन उभं केलं. "काका, ही शिडी. तुमचा राग आमच्यावर आहे ना? शिडीने काय केलंय?"

काकांनी मान फिरवली. मग तृप्ती सावळीरामला म्हणाली, "चला दादा, आमच्या गच्चीवरून जाऊ. मीच धरते शिडी."

सावळीराम वर गेला. दोन मिनिटांत त्याचा आवाज आला, "ताई, जरा वर या." तृप्ती माझ्या सहाव्या पायरीवर येऊन थांबली. सावळीरामने तिसरा कॉक दाखवला. "ह्यो उघडा राहिलाय. त्यांचं पाणी तुमच्यात येतंय आणि जास्तीचं बोळात चाललंय. कोनी उघडला?"

तृप्तीचा चेहरा पडला. तिला दिवाळी आठवली, मयूरची ताठ कॉलर आठवली. 

सावळीराम चांगला माणूस होता. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, मी बंद करून टाकतो. खाली सांगू, पाइपात कचरा अडकला व्हता. कोनाला कळनार नाय. तुमचं घर ऱ्हाईल."

मित्रांनो, खरं सांगते, मलाही वाटलं की बाई, हो म्हण. एका कॉकपायी पोरीची दहावी कशाला बुडवतेस? पंधरा वर्षं मी कांद्याचं ओझं पेललं, पण त्या एका मिनिटाएवढं जड मला कधी काही लागलं नव्हतं.

तृप्ती डोळे पुसून माझ्यावरून खाली उतरली आणि तिने गच्चीच्या कठड्यावरून हाक मारली. "काका, वर या. चूक आमची आहे. दिवाळीत टाकी धुताना ह्यांच्या हातून कॉक उघडा राहिला. आम्हाला माहीत नव्हतं, पण त्रास तुम्हाला झाला. या, डोळ्यांनी बघा."

काका आले ते तावातावाने. "मी म्हणत नव्हतो!" असं म्हणतच माझ्यावर चढले. एक, दोन, तीन... थेट आठ. वर पोचले आणि त्यांना तो आडवा पाइप दिसला. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हा पाइप मीच टाकून घेतला होता. मी आणि आल्हादच्या वडिलांनी. एकाची टाकी आटली तर दुसऱ्याचं पाणी घ्यायचं, म्हणून. ते गेले आणि मी साफ विसरलो."

"असू दे काका," तृप्ती म्हणाली.

"असू दे कसं? तुमच्याआधी इथे चिमणाबाई राहायच्या, त्यांच्या म्हाताऱ्या आईला घेऊन. त्यांनीही टाकी धुवून घेतली होती. तेव्हाही असंच माझं पाणी गेलं आणि मी त्यांना घालवलं. त्या गेल्यावर रिकाम्या घराचे सगळे कॉक कोणीतरी बंद केले आणि माझं पाणी नीट यायला लागलं. तेव्हा मी चारचौघांत सांगितलं, बघा, भाडेकरू गेला आणि पाणी आलं!"

काकांनी तिथूनच, माझ्या सर्वांत वरच्या पायरीवर उभं राहून आल्हादला फोन लावला. "करार वाढव. ही माणसं कुठेही जाणार नाहीत. चूक माझी आहे, तुला नंतर सगळं सांगतो." खाली ओवी उभी होती. तिने ऐकलं, तोंडावर दोन्ही हात घेतले आणि मुसमुसून रडायला लागली. गोदावरीकाकूंनी तिला जवळ घेतलं.

त्याच संध्याकाळी सोसायटीची सभा होती. काकांनी तृप्तीला आणि मयूरला पुढच्या खुर्च्यांवर बसवलं आणि सगळ्यांसमोर झालेली गोष्ट सांगितली, एक अक्षर न लपवता. मी भिंतीला टेकून ऐकत होते, कारण सभेच्या मंडपाला दिव्यांच्या माळा लावायला मला तिथे आणलं होतं. शेवटी काका म्हणाले, "मला चिमणाबाईंची माफी मागायची आहे. आल्हादकडे त्यांचा नंबर होता, तो आता बंद आहे. दुसरा कोणाकडे आहे?"

सगळ्यांनी फोन बाहेर काढले. बराच वेळ शोधलं. मग सहा नंबरच्या सविताताई हळूच म्हणाल्या, "काका, नसणार हो. भाडेकरू घर सोडून गेले की त्याच दिवशी आपण त्यांना ग्रुपमधून काढून टाकतो ना."

 काका फोन हातात धरून तसेच उभे राहिले.

मित्रांनो, तुमच्याही शेजारी कोणी अकरा महिन्यांसाठी राहायला येईल. त्यांच्यावर बोट दाखवण्याआधी एक शिडी मागून आणा, वर चढा आणि आपला पाइप कुठे जातो ते बघा. शिडी हवी असेल तर मी आहेच, नऊ नंबरला, जिन्याखाली. वर्षातून एकदा मला अळशीचं तेल लावा, उन्हापावसात टाकू नका, म्हणजे तुमचंही ओझं मी खुशाल पेलेन. आणि देवळ्यात, नाशकात, कुठेही तुम्हाला चिमणाबाई नावाची बाई म्हाताऱ्या आईसोबत भाड्याचं घर शोधताना भेटली, तर तिला एवढं नक्की सांगा की बाई, पाणी तुम्ही वाया घालवलं नव्हतं.